कापूस विकेपर्यंतचा स्टुडिओ

ताडकळसमध्ये मी आजवर केलेलं सगळ्यात चांगलं गिटार रेकॉर्डिंग कापसामुळे झालं. भाव वाढेल या आशेवर वडिलांनी त्या हिवाळ्यात कापूस विकला नव्हता. आतल्या पत्र्याच्या खोलीत तो छातीएवढा रचून ठेवला होता. एरवी त्या खोलीत गिटार वाजवलं की डब्यात वाजवल्यासारखं घुमायचं. त्या रात्री बसायला दुसरी जागा नव्हती म्हणून कापसाकडे तोंड करून वाजवलं, हेडफोन लावून ऐकलं आणि क्षणभर वाटलं, हे दुसऱ्याच कुणाचं तरी रेकॉर्डिंग आहे. घुमारा गेला होता. तारेवरून बोट सरकल्याचा आवाजही स्वच्छ येत होता.

कारण साधं आहे. भिंत आणि पत्रा आवाज परत फेकतात. कापसाच्या तंतूंमधून हवा जाताना घर्षण होतं आणि आवाजाची ताकद तिथेच थोडी थोडी उष्णतेत जिरते. महागड्या स्टुडिओच्या भिंतींत जे भरलेलं असतं, त्याचं कामही हेच.

त्याआधी दोन वर्षं मी सामानाला दोष देत होतो. सेकंडहँड गिटार, एक स्वस्त कंडेन्सर माइक, छोटा ऑडिओ इंटरफेस. सगळं मिळून एका बऱ्या मोबाईलच्या किमतीत बसलेलं. रोज रात्री वरच्या मॉडेलचे व्हिडिओ बघायचे आणि ‘तो माइक आला की सुरू करू’ म्हणून झोपायचं. कापसाने तो बहाणा काढून घेतला. मग मी रेकॉर्डिंगचा इतिहास वाचायला लागलो, आणि जुन्या लोकांची काळजी वेगळीच होती हे लक्षात आलं. त्यांचा पहिला प्रश्न असायचा : कोण कुठे उभं राहणार?

१९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहर जान यांचा आवाज मुद्रित केला. जागा होती हॉटेलातली खोली. विजेचा माइक नव्हता. गायिका एका कर्ण्यात गायची, आवाजाच्या धक्क्याने सुई हलायची आणि मेणाच्या तबकडीवर चर उमटायची. आवाज कमी-जास्त करायला बटण नसल्यामुळे ते काम माणसांच्या जागांनी व्हायचं. हळू आवाज कर्ण्याजवळ, मोठा आवाज लांब.

या पद्धतीत गिटारचे हाल होते. बँजो, पितळी वाद्यं कर्ण्यात जोरात शिरायची. गिटारचा मऊ आवाज सुईला नीट हलवू शकत नसे. १९२५ च्या सुमारास विजेवरचं मुद्रण आलं, मायक्रोफोनला कुजबुजही ऐकू येऊ लागली. आंद्रेस सेगोव्हिया यांच्या गिटारच्या पहिल्या तबकड्या १९२७ मधल्या आहेत, हा योगायोग नाही. एका मऊ वाद्याला जगापर्यंत पोचायला ऐकणारं यंत्र लागलं.

पण यंत्र आलं म्हणून जागेचा प्रश्न संपला नाही. नोव्हेंबर १९३६ मध्ये अमेरिकेतल्या सॅन अँटोनिओ शहरात, गंटर हॉटेलच्या एका खोलीत, रॉबर्ट जॉन्सन नावाच्या तरुणाने गिटारवर आपली गाणी मुद्रित केली. तो भिंतीकडे तोंड करून वाजवायचा, असं तिथे हजर असलेल्या डॉन लॉ यांनी पुढे सांगितलं. त्यांना तो लाजाळूपणा वाटला. गिटारवादक राय कूडर यांचं म्हणणं वेगळं : पोरगा हुशार होता, कोपऱ्याच्या भिंतींवरून परतणारा आवाज त्याला हवा होता. खरं कारण काहीही असो, गिटार हातात घेऊन घराच्या कोपऱ्यात एकदा बसून बघा. फरक ऐकू येतो.

आपल्याकडचं उदाहरण याहून सुंदर आहे. १९४९ च्या ‘महल’मधलं ‘आयेगा आनेवाला’. आवाज लांबून जवळ येतोय असा परिणाम हवा होता. आज ते काम सॉफ्टवेअरमधली एक पट्टी सरकवून होतं. लताबाईंनी मुलाखतींतून सांगितलंय की माइक खोलीच्या मधोमध ठेवला होता, त्या कोपऱ्यातून गात निघायच्या आणि चालत माइकपाशी यायच्या. हे जमेपर्यंत पुन्हा पुन्हा. तिथे इफेक्ट म्हणजे त्यांची पावलं होती.

पुढे यंत्रं स्वस्त झाली. १९६३ मध्ये फिलिप्सने कॅसेट आणली. स्टुडिओतली टेप सेकंदाला साधारण ३८ सेंटिमीटर पळायची, कॅसेटची टेप ४.७६. म्हणजे तेवढाच आवाज कमी जागेत कोंबायचा. म्हणून तो सूं-सूं आवाज. तरी १९८० च्या दशकात याच कॅसेटने भारतात मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी मोडली. लोकगीतं, भीमगीतं, भजनं काढणाऱ्या लहान कंपन्यांना बाजारात शिरता आलं. तबकडीवर कधी जागा न मिळालेले आवाज टपरीवर आणि एसटी स्टँडवर वाजायला लागले. आवाज खराब होता असं कुणी म्हणेल. पण तो होता, हे महत्त्वाचं.

त्याच सुमारास, १९८२ च्या जानेवारीत, ब्रूस स्प्रिंगस्टीनने न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात, झोपायच्या खोलीत, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर दोन साध्या माइकने गाणी टेप केली. तो नुसता कच्चा खर्डा होता. नंतर बँड घेऊन मोठ्या स्टुडिओत तीच गाणी करून पाहिली, पण त्यातला एकटेपणा निघून गेला. शेवटी त्या कॅसेटवरूनच ‘नेब्रास्का’ हा अल्बम निघाला.

पैशाने काही फरक पडत नाही, असं मला म्हणायचं नाही. ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजलिसच्या सोनी स्टुडिओत मोठा वाद्यवृंद रेकॉर्ड केला, तो कापसाच्या खोलीत मावला नसता. पण तिथेही पैसे मोजले ते मुख्यतः चांगले वादक, मोठी खोली आणि वादकांमधलं मोजून ठेवलेलं अंतर यांच्यासाठी. प्रश्न तोच, आकार वेगळा.

हे सगळं वाचून मी शहाणा झालो असं समजून पुढची चूक केली.

माझ्या आत्याला जात्यावरच्या ओव्या येतात. त्यांच्याखाली हळूच गिटार वाजवावं, असं माझ्या डोक्यात होतं. ती संक्रांतीला आली तेव्हा तिला कापसासमोर खुर्चीत बसवलं, पंखा बंद, फोन बंद, दार लावलं. माइक तोंडापासून एका वितीवर. म्हटलं, गा आत्या. तिने एक ओवी म्हटली, दुसरी अर्ध्यात सोडली, तिसरी आठवेना. कपाळावर घाम.

“जातं कुठंय?” ती म्हणाली.

“त्याचा लई आवाज येतो गं.”

“आरं, हात हालल्याबिगर तोंड हालत नाही माझं.”

तेव्हा मला माजलगाव आठवलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार बेल त्यांना येऊन मिळाले आणि शंभर तासांहून जास्त आवाज मुद्रित झाला. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगावच्या भीमनगरात, १९९६ मध्ये त्यांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या टेप केल्या. आज त्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’वर फोनमध्ये ऐकता येतात. या संग्रहातल्या काही ओव्यांमागे जात्याची घरघर आहे. मी ती गोंगाट समजून ऐकली होती. ती लय होती, आणि आठवणही.

अंगणाच्या कोपऱ्यातलं जातं आम्ही दोघा भावांनी उचलून आत आणलं. आत्याने मूठभर ज्वारी टाकली, खुंटा धरला आणि तिसऱ्या फेऱ्याला ओवी आपोआप सुरू झाली. तिचा सूर काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधे कुठेतरी होता. तिला वर-खाली करायला सांगण्याऐवजी मी सहाही तारा थोड्या उतरवल्या.

माइक एकच. मी पाच हातांवर बसलो तर घरघरीत गिटार हरवलं. दोन हातांवर बसलो तर आत्या झाकली गेली. शेवटी ती एक हातावर, जातं दोन हातांवर, मी तीन हातांवर. १९०२ चीच पद्धत. आवाजाचं बटण म्हणजे माझं बूड.

आत्याने एकवीस ओव्या म्हटल्या. शेवटच्या चार तिलाही कित्येक वर्षांत आठवल्या नव्हत्या, असं तीच म्हणाली. खुर्चीतलं ते स्वच्छ रेकॉर्डिंग मी तसंच ठेवलंय. त्यात आवाज खरंच जास्त चांगला आहे, पण ओव्या दीडच आहेत.

तुमच्या घरातही असं कुणी गाणारं असेल आणि तुम्ही चांगल्या माइकची वाट बघत असाल, तर खिशातला फोन पुरेसा आहे. जाड गोधड्या टांगा, पंखा बंद करा, फोन विमान मोडवर टाका, दोन-तीन अंतरांवर ठेवून ऐका. आणि त्या माणसाला विचारा, गाताना तुझे हात काय करत असतात?

फेब्रुवारीत वडिलांनी कापूस विकला. भाव फारसा वाढला नव्हता. टेम्पो गेल्यावर मी रिकाम्या खोलीत एकदा टाळी वाजवून पाहिली. खोली पुन्हा घुमायला लागली होती. जातं मात्र तिथेच आहे. ते परत अंगणात न्यायचं आम्हा दोघांपैकी कुणी अजून मनावर घेतलेलं नाही.