नाव तेच, पण गाडी तीच का? : जीप, चेतक, लुना आणि पुनर्जन्माचा प्रश्न



पौडला यायचं तर रविवारी सकाळी पुण्यातून निघू नका, असं संयोजकांनी आम्हाला बजावलं होतं. आम्ही ऐकलं नाही. चांदणी चौक ओलांडला आणि ताम्हिणीकडे निघालेल्या गाड्यांच्या रांगेत अडकलो. पुढे एक थार, मागे एक थार, बाजूने गाणी लावून आणखी एक थार. आमच्या पिढीला ही गाडी बघितली की जीप आठवते. पण जी आठवते ती अशी नव्हती. तिला टपावर पोती असायची, मागे फळीवर माणसं लटकलेली असायची आणि तिला आपण वडाप म्हणायचो. मग ही जी आमच्या पुढे उभी आहे ती तीच गाडी का? आजच्या व्याख्यानाचा प्रश्न एवढाच आहे.

हा प्रश्न फक्त आपला नाही. सुरुवात अमेरिकेपासून करू, कारण जुन्या गाड्यांचा पुनर्जन्म हा उद्योग तिथे सगळ्यात मोठ्या थाटात चालला. १९६४ साली पाँटिॲक कंपनीने मध्यम आकाराच्या साध्या गाडीत ६.४ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन बसवलं, ३२५ अश्वशक्तीचं, आणि तिला जीटीओ नाव दिलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फोर्डची मस्टँग आली. काटेकोर जाणकार मस्टँगला वेगळ्या वर्गात घालतात, पण सामान्य माणूस या सगळ्यांना ‘मसल कार’च म्हणतो. मस्टँगची सुरुवातीची किंमत होती २,३६८ डॉलर. हा आकडा लक्षात ठेवा. ही गाडी श्रीमंतांसाठी नव्हती, नुकत्याच नोकरीला लागलेल्या पोराला परवडावी अशी होती. स्वस्तात वेग, हे तिचं काम.

पुढे १९७० चा हवा-प्रदूषणाचा कायदा आला, विम्याचे हप्ते वाढले, १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं आणि तो काळ संपला. डॉजची चॅलेंजर १९७४ ला बंद पडली. मग तीसेक वर्षांनी एकेक परत येऊ लागली. २००५ च्या मस्टँगने साठच्या दशकातला चेहरा परत आणला, २००८ ला चॅलेंजर आली, पाठोपाठ कॅमेरो.

आता तुलना करायची तर माप एकच हवं. जुन्या गाडीचे आकडे छाती फुगवून सांगितलेले असत. इंजिन गाडीबाहेर काढून, त्याच्यावरचा भार उतरवून मोजलेली ती अश्वशक्ती. १९७२ पासून अमेरिकी कंपन्या प्रत्यक्ष गाडीत मिळते तेवढी ताकद सांगू लागल्या आणि कागदावरचे आकडे एका रात्रीत खाली आले. जुन्या मस्टँगचं ४.७ लिटरचं सगळ्यात जोमदार इंजिन जुन्या मापाने २७१ अश्वशक्तीचं होतं. २०१५ ची मस्टँग चार सिलिंडरच्या २.३ लिटर इंजिनातून, नव्या आणि कडक मापाने, ३१० देते. म्हणजे वेग, ब्रेक, सुरक्षितता, मायलेज, कुठलीही परीक्षा घ्या, नवी गाडी पुढे आहे. तरी माणसं जुनीसाठी हळहळतात. का?

याचं उत्तर आपल्या अंगणात जास्त स्पष्ट दिसतं. आपल्याकडे मसल कार झाली नाही. लायसन्स-परमिटच्या काळात आपल्याला ताकदीची नव्हे, मुळात चाकांचीच टंचाई होती. त्यामुळे आपल्या आठवणी साध्या वाहनांभोवती जमल्या, आणि त्यातली बरीच याच पट्ट्यातली आहेत: आकुर्डी, पिंपरी, नगर, नाशिक.

आधी जीप घेऊ. महिंद्रांनी १९४७ पासून विलीज जीप इथे जुळवायला घेतली. पुढे ती पूर्णपणे इथलीच झाली. तिची वंशावळ कुठे तुटली नाही. एकातून दुसरं मॉडेल निघत गेलं, २०१० ला ‘थार’ हे नाव आलं आणि २०२० ला आजची थार. आकार बराचसा तोच. या आकारावरून अमेरिकेत भांडणही झालं. महिंद्रांनी तिथे ‘रॉक्सर’ नावाची शेतावर वापरायची गाडी काढली, तर जीपच्या तेव्हाच्या मालकांनी ‘हा आमचा चेहरा आहे’ म्हणून तक्रार केली आणि २०२० मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने ती मान्य केली. महिंद्रांना चेहरा बदलावा लागला. सत्तर वर्षं जो चेहरा आपण आपला म्हणून वापरला, तो दुसऱ्या देशात परका ठरला. आकार कुणाच्या मालकीचा, हा वकिलांचाही प्रश्न आहे आणि तत्त्वज्ञांचाही.

दुसरी सिएरा. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९९१ मध्ये ती काढली. मालवाहू टाटामोबाइलच्या सांगाड्यावर बांधलेली, तीन दरवाजांची. मागच्या बाजूची मोठी काच वळून छतात शिरलेली. डिझेल इंजिन साठ-पासष्ट अश्वशक्तीचं, म्हणजे ताकदीच्या नावाने आनंदच. पण ती काच बघायला लोक थांबायचे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सिएरा परत आली. डिझेलची ताकद जवळजवळ दुप्पट, दरवाजे जास्त, बसायला ऐसपैस. आणि ती काच? ती आता काळ्या चकचकीत पट्ट्यांनी भासवलेली आहे. इथे परत आलं ते नाव, आणि एका खिडकीची आठवण.

तिसरी चेतक. इटलीच्या पियाज्जोबरोबरचा करार १९७१ ला संपला आणि १९७२ ला बजाजने राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव देऊन स्वतःची स्कूटर आणली. किती कारखान्यांतून किती स्कूटर निघाव्यात हे सरकार ठरवायचं. सातारला राज्य सरकारच्या महामंडळाबरोबर भागीदारीत ‘प्रिया’ निघू लागली, तरी रांग हटली नाही. नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं, कुठे कुठे दहा-दहा वर्षं थांबत. परदेशातल्या नातेवाइकाने डॉलर पाठवले तर नंबर लवकर लागे. लग्नाच्या बोलण्यांत स्कूटर असे. तरुण पोरांना हे खरं वाटत नाही, पण गाडी विकत घेण्याआधी माणूस म्हातारा होऊ शकत होता.

२००९ च्या अखेरीस बजाजने स्कूटर बनवणं थांबवायचं ठरवलं. राहुल बजाज यांनी आपलं दुःख लपवलं नाही, घरातला मतभेद देशाने वाचला. मग ऑक्टोबर २०१९ मध्ये चेतक परत दाखवली गेली आणि जानेवारी २०२० मध्ये विक्रीला आली, विजेवर चालणारी. २०२२ मध्ये आकुर्डीतल्या जुन्या कारखान्याच्याच जागेवर तिच्यासाठी नवा कारखाना सुरू झाला. पत्र्याचं अंग तसंच, पुढचं चाक एकाच बाजूने धरलेलं तसंच. गेलं काय? इंजिन गेलं, डाव्या मुठीत फिरणारे गियर गेले, किक गेली, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळणं गेलं, धूर गेला, आणि सकाळी स्कूटर अंगावर तिरकी करून मग किक मारायची तो विधीही गेला.

आता सांगा, या तिघींपैकी ‘तीच’ कुठली? जीपचा वंश अखंड आहे पण नाव बदललं. सिएराचं नाव आलं, घडण नवी. चेतकचं नाव आलं, जागा आली, पण हृदयच बदललं.

आमच्या विषयात हा प्रश्न फार जुना आहे. ग्रीकांकडे थिसियसच्या जहाजाची गोष्ट आहे, ती बहुतेकांना माहीत असते. आपल्याकडची त्याहून नेमकी आहे. पाली ग्रंथ ‘मिलिंदपञ्ह’ यात यवन राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. नागसेन राजाला विचारतो, तू रथात बसून आलास ना? मग रथ दाखव. आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. म्हणजे सुटे भाग हा रथ नव्हे, आणि भागांवेगळा रथ कुठे सापडत नाही. ‘रथ’ हे या सगळ्याच्या आधाराने चाललेलं व्यवहारातलं नाव आहे, इथे दोघे येऊन पोचतात.

विद्यार्थ्यांना हे शिकवताना आम्ही बरीच वर्षं इथेच थांबायचो. आता वाटतं, पुढचा प्रश्न राहून जात होता. नाव व्यवहारातलं असेल, तर तो व्यवहार कुणाचा? ते नाव कोण, कशासाठी वापरतं? रथ राजाचा होता. त्याचं चाक दुरुस्त करणारा सुतार त्या संवादात नाही.

या अंगाने बघितलं की तुलना बदलते. जीप हे खेड्याचं सामाईक वाहन होतं. बाजाराला, दवाखान्याला, वऱ्हाडाला तीच. थार हे बहुतेकदा एका घराचं सुट्टीचं वाहन आहे. चेहरा टिकला, काम सुटलं. मस्टँगचंही तेच. जी पोरांना परवडावी म्हणून निघाली, तिचा जुना चेहरा आता पोरपण आठवणाऱ्या, खिसा भरलेल्या माणसांना विकला जातो.

चेतकचा हिशेब मात्र दोन्हीकडे जातो, आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. जुन्या चेतकच्या आठवणी सांगतात कोण? बहुधा पुरुष. बाई मागे, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर मूल घेऊन बसलेली. जड स्कूटर, किक, गियर, हे सगळं तिला जमणार नाही असं गृहीत धरलेलं. आज तिची नात नवी चेतक बटण दाबून स्वतः घेऊन जाते. ‘जुने दिवस बरे’ म्हणणाऱ्यांनी हे आधी मोजावं.

दुसऱ्या बाजूला मेकॅनिक. पौडपासून कोळवणपर्यंत कुठेही झाडाखाली पाना-पक्कड घेऊन बसलेला माणूस जुनी स्कूटर उघडू शकत होता. प्लग काढ, घास, कार्बोरेटरमध्ये फुंकर मार, केबल बदल. तो कुठल्या शाळेत शिकला नव्हता, गाडीच त्याची शाळा होती. बॅटरी, कंट्रोलर, सॉफ्टवेअर यांची नवी गाडी त्याच्यासाठी बंद पेटी आहे. रूप परत आलं, पण त्या रूपाभोवती जगणारं कौशल्य परत आलं नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करायला समिती नेमली, तिच्या कक्षेत वाहनंही होती. हा विषय शहरी ग्राहकाच्या सोयीचा समजला जातो. आमच्या मते तो आधी या झाडाखालच्या माणसाच्या पोटाचा आहे.

आणि विजेबद्दल मुळशीत बसून आम्ही काय सांगावं? नवी गाडी धूर सोडत नाही, हे खरं. पण वीज कुठून येते हे तुमच्या आजा-पणजांना विचारायला हवं होतं. १९२१ मध्ये सेनापती बापटांबरोबर इथले मावळे धरणाविरुद्ध उभे राहिले. धरण तरी झालं, जमिनी पाण्याखाली गेल्या आणि वीज मुंबईला गेली. किंमत मोजणारा एकीकडे आणि दिवा लागतो दुसरीकडे, हे तुम्हाला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. तेव्हा ‘स्वच्छ’ हा शब्द ऐकला की ‘कुठे स्वच्छ?’ एवढं विचारायची सवय ठेवावी.

शेवटी एक छोटं उदाहरण, कारण सगळंच हरवतं असं आमचं म्हणणं नाही. चेतकच्याच वर्षी, १९७२ ला, फिरोदियांच्या कायनेटिकने लुना आणली. पायडल असलेली, हलकी, नगरला बनलेली. दूधवाला, पोस्टमन, शिक्षिका, सगळ्यांची. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती ‘ई-लुना’ म्हणून परत आली. पायडल गेलं, पण पुढे सामान ठेवायची मोकळी जागा आहे आणि ती ओझं वाहण्यासाठीच विकली जाते. दिसायला ती फार देखणी नाही. तिच्यामागे रविवारी गाणी लावून कुणी ताम्हिणीला जाणार नाही. पण कॅन लटकवलेली ई-लुना दिसली तर आम्ही म्हणू, ही बरीचशी तीच आहे. कारण तिच्याकडे कोण कशासाठी बघतं, ते फारसं बदललेलं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी एखादं जुनं नाव नव्या पत्र्यावर चमकताना दिसलं, तर ‘तीच का?’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. आधी कोण हिच्यात बसायचं, कोण मागे लटकायचं आणि बिघडली की कोण उघडायचं, हे आठवा. मग त्यातलं आज कोण उरलंय ते मोजा. गाडीचा इतिहास तिथे आहे.

परत जाताना आम्हाला तीच रांग लागणार आहे. त्यामुळे इथेच थांबतो.