जीवाश्म स्पंज : संग्रह व ओळख

प्राचीन सागरतळावर एका जागी स्थिर राहणाऱ्या पोरिफेरा संघातील प्राण्यांचे खडकांत टिकून राहिलेले अवशेष. यांचे आकार पेला, नरसाळे, नासपती अथवा भूछत्र यांसारखे असतात. परंतु एकाच जातीचे आकार परिसरानुसार बदलतात व भिन्न जाती सारख्या दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी त्यांना ‘अल्सिओनिया’ या मृदू प्रवाळांच्या नावाने ओळखीत.

इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात वॉर्मिन्स्टरजवळ क्रिटेशस कालीन हरित वालुकाश्मात असे स्पंज आढळतात. एथेलड्रेड बेनेट (मृत्यू १८४५) यांनी ते जमवून त्यांची चित्रे काढली व १८३१ मध्ये परगण्यातील जीवाश्मांची सूची प्रसिद्ध केली. मॉस्कोच्या निसर्गवैज्ञानिक संस्थेने त्यांना पुरुष समजून सदस्यत्व दिले. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचे सदस्यत्व स्त्रियांना १९१९ पर्यंत खुले नव्हते.

म्यूनिकचे कार्ल झिटेल यांनी १८७७-७८ मध्ये पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासून सांगाड्यातील कंटिकांच्या रचनेवर वर्गीकरण आधारले. सिलिकामय कंटिका विरघळून त्यांची जागा कॅल्साइट घेऊ शकते. म्हणून केवळ द्रव्यावरून निर्णय करता येत नाही, हे त्यांनी दाखविले. त्यांचे शिष्य जॉर्ज हाइंड यांनी ब्रिटिश म्यूझीयममधील जीवाश्म स्पंजांची सूची १८८३ मध्ये प्रसिद्ध केली.

बेनेट यांचा संग्रह मृत्यूनंतर अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेला. पुढे तो नष्ट झाला असे समजले जाई; तो तेथेच असल्याचे १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. स्थळ व थर यांच्या नोंदींसह जपलेल्या नमुन्याची ओळख संग्राहकाच्या पश्चातही निश्चित करता येते.