घाटातला देवचार कोण?

भूत असतं की नसतं या वादात मला पडायचं नाही. १९५६ साली आपण देवच सोडले, तिथं भुताची काय कथा! माझा सवाल वेगळा आहे. भुताच्या अंगावरचे कपडे कोणाचे?

सावंतवाडीहून दाणोली मागं टाकून आंबोलीचा घाट चढू लागलं की पावसाळ्यात धुकं असं उतरतं की हातभर पुढचं दिसत नाही. वेंगुर्ला बंदरातला माल बेळगावच्या छावणीला नेण्यासाठी इंग्रजांनी इकडचे घाटरस्ते बांधले, असं पुस्तकात असतं. खडी कोणी फोडली ते नसतं. या वाटेवर पांढऱ्या लुगड्यातली बाई आहे, गाडीला हात करणारा माणूस आहे. पण जुना मानकरी देवचार. तो वाईट नाही म्हणतात. वाट चुकलेल्याच्या पुढं चूड पेटवून चालतो. खांद्यावर घोंगडी, हातात घुंगुरकाठी, पायांत करकरणाऱ्या वहाणा. त्याच्याशी बोलायचं नाही, जवळ जायचं नाही. वस्ती दिसली की तो गडप.

आजीनं ही गोष्ट सांगितली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आजा मात्र हसला. म्हणाला, "अरे, तो देवचार मियाच!"

खरंच होतं ते. सायब येवो, टपाल येवो, मोठ्या घरची बाई अडो, रातीबेराती चूड घेऊन पुढं आजाच. घुंगरू कशाला? तर जनावर पळावं म्हणून. त्याच्याशी बोलायचं नाही, जवळ जायचं नाही, कारण विटाळ. आणि वस्ती दिसली की गडप व्हावंच लागे, अंगणात पाय ठेवायची सोय होती कुठं? फक्त वहाणा आज्याच्या पायांत नव्हत्या. त्या गोष्टीनं घातल्या.

कोकणातले सगळे देवचार एकाच माणसावरून निघाले असं म्हणणं खुळेपणाचं होईल. पण १९१५ साली एन्थोव्हेन या इंग्रज अधिकाऱ्याचं कोकणच्या समजुतींवरचं पुस्तक छापलं गेलं, ते बघा. त्यातली माहिती गावोगावच्या शाळामास्तरांनी लिहून पाठवलेली. त्यात भुतांनाही जात आहे! मुंजा ब्राह्मणाचा पोर, देवचार शूद्र. मेल्यावरसुद्धा सुटका नाही. आणि १९१५ साली मास्तर कोण होते, आमचा आजा थोडाच होता? ज्यांच्यापुढं चूड चालली त्यांनी गोष्ट लिहिली. चूड धरणाऱ्याला कोणी विचारलं नाही.

वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला लोक भल्या मोठ्या चामडी वहाणा वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्या झिजतात म्हणे. देवाच्या वहाणा झिजलेल्या दिसतात. अनवाणी राखणदाराचे फुटलेले पाय दिसले नाहीत.

१९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचं बिल मांडलं. महाराच्या चाकरीला दिवस नाही, रात्र नाही, आणि तो घरी नसला तर घरातल्या दुसऱ्यानं हजर व्हायचं, हा त्यांचा मुद्दा होता. आमचा मुलूख तेव्हा संस्थानात. तिथं कौन्सिलाचा कायदा पोचत नव्हता. वेठ मात्र पोचली होती.

घाटाच्या भीतीचा उपयोग जिवंत माणसांना बरोबर ठाऊक असतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगलीत पोलीस कोठडीत एक तरुण मेला. त्याचं प्रेत आंबोलीला आणून जाळलं. पकडले गेले ते पोलीसच. त्या रात्री कोणाला तिथं जाळ दिसला असेल, तर त्यानं देवचाराची चूड समजून मान फिरवली असेल.

आज्यानं पुढं चूड धरायचं सोडलं. एका संध्याकाळी काठी चुलीत घातली. घुंगरं तेवढी आजीनं काढून घेतली आणि शेळीच्या गळ्यात बांधली.