'गिट क्लोन' : दूरच्या भांडाराची प्रत

लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी 'गिट' प्रणाली लिहिली. 'गिट क्लोन' या आज्ञेपुढे भांडाराचा पत्ता टंकित केला, की केवळ ताज्या फायलीच नव्हे, तर आजवरच्या बदलांचा इतिहासही आपल्या संगणकावर उतरतो. मूळ सर्व्हर बंद पडला तरी ही प्रत हाताशी राहते. अडचणही त्यातच आहे. भीमेकाठच्या शिरूर-दौंड परिसरात मोबाइलच्या जोडणीवर मोठे भांडार उतरवताना मध्येच संपर्क तुटला, तर उतरलेला भाग वाया जातो. क्लोन पहिल्यापासून करावे लागते. अशा वेळी दोन आडव्या रेघांसह 'डेप्थ १' हा पर्याय जोडावा. फक्त शेवटची नोंद येते. उरलेला इतिहास 'गिट फेच'ला 'अनशॅलो' पर्याय जोडून सवडीने मागवता येतो.