जुन्या अमेरिकन मोटारींचा कार्बोरेटर, एअर फिल्टर ओळखावा कसा?

मुंबई, विशेष प्रतिनिधी

शेवरोलेट, डॉज, प्लिमथ, डिसोटो ही नावे मुंबईला परकी नाहीत. परळच्या गिरण्यांपासून हाकेच्या अंतरावर, शिवडी येथे जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मोटारजुळणीचा कारखाना सुरू केला. तो १९५४ मध्ये बंद झाला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ला येथे १९४७ पासून क्रायस्लर समूहाच्या गाड्या जुळवल्या. त्यांतील ज्या थोड्या आज शिल्लक आहेत, त्यांचे मूळ रूप राखणे हा केवळ हौसेचा प्रश्न राहिलेला नाही. केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या वाहनाला ‘व्हीए’ अक्षरांचा विशेष क्रमांक मिळतो. पण त्यासाठी सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती दहा वर्षे टिकते.

इंजिनाच्या भागांपैकी सर्वाधिक अदलाबदल झाली ती हवा आत घेणाऱ्या भागांची, म्हणजे एअर फिल्टर, कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांची. मूळ सुटे भाग मिळेनासे झाल्यावर मेकॅनिकांनी देशी गाड्यांचे सोलेक्स कार्बोरेटर बसवून काम चालवले. काही गाड्यांत तर डिझेल इंजिनेच आली आणि पेट्रोल इंजिनासोबत त्याचा मॅनिफोल्डही भंगारात गेला. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये जाड जोडपट्टी दिसली, तर कार्बोरेटर बदललेला आहे असे खुशाल समजावे.

शोधाची सुरुवात मात्र कार्बोरेटरपासून करू नये, आणि बॉनेटवरील नावापासून तर नाहीच. ‘डॉज किंग्जवे’ आणि ‘डिसोटो डिप्लोमॅट’ ही वस्तुतः निर्यातीसाठी नाव बदललेली प्लिमथ होती! निर्णायक ठरतो तो इंजिन क्रमांक. क्रायस्लर समूहाच्या सहा सिलिंडरी साइड व्हॉल्व्ह इंजिनावर तो डाव्या अंगाला, पुढच्या बाजूस, डायनामोच्या वरच्या सपाट जागेवर ठोकलेला असतो. ‘पी-१५’ ने सुरू होणारा क्रमांक १९४६ ते ४८ च्या प्लिमथचा, ‘डी-२४’ हा त्याच काळातील डॉजचा. त्यानंतर सिलिंडर हेडची लांबी मोजावी. अमेरिकेत बनलेल्या प्लिमथ-डॉजचे हेड सुमारे २३ इंची, तर डिसोटो, क्रायस्लर आणि कॅनडात बनलेल्या इंजिनांचे सुमारे २५ इंची असते. एकाचा मॅनिफोल्ड दुसऱ्याला बसत नाही. या इंजिनांवर बहुधा एकनळीचा ‘कार्टर बॉल अँड बॉल’ असे.

शेवरोलेटचा इंजिन क्रमांक उजव्या अंगाला, डिस्ट्रिब्युटरच्या मागे सापडतो. शिवडीच्या आरंभीच्या गाड्यांत कार्बोरेटर खालून वर हवा ओढणारा होता. १९३२ पासून तो वरून खाली ओढणारा झाला. पुढे ‘कार्टर डब्ल्यू-१’ दीर्घकाळ चालला आणि १९५० मध्ये ‘रॉचेस्टर बी’ आला. कार्टरची ओळख झाकणाच्या स्क्रूखाली अडकवलेल्या छोट्या धातूच्या पट्टीवर असते. दुर्दैवाने दुरुस्तीत ती पहिल्याच खेपेस हरवते.

साठ-सत्तरच्या दशकांतील दणकट ‘मसल कार’ येथे फारच थोड्या आल्या, कारण तोवर आयातीवर कडक निर्बंध होते. त्यांची ओळख पटवणे तुलनेने सोपे. हॉलीचा ‘लिस्ट’ क्रमांक वरच्या हवेच्या नळकांड्यावर कोरलेला असतो. रॉचेस्टर क्वाड्राजेटवर सात आकडी क्रमांक उभा ठोकलेला असतो: ७०२८ ने सुरू झाल्यास १९६८, ७०२९ असल्यास १९६९, ७०४० असल्यास १९७० चे मॉडेल.

एअर फिल्टरच्या बाबतीत डोळ्यांवर विसंबू नये. पन्नाशीच्या दशकातील अनेक गाड्यांत तेलाचा फिल्टर असे. हवा तेलावर आपटून उलट वळते आणि धूळ तेलात राहते. भांड्यावरील खुणेपर्यंतच इंजिन ऑइल भरावे. जास्त झाल्यास ते इंजिनात ओढले जाते. फिल्टरच्या गळ्याचा आतील व्यास आणि कार्बोरेटरच्या तोंडाचा बाहेरील व्यास व्हर्नियरने मोजून पाहावा. कापडाची पट्टी गुंडाळून बसवलेला फिल्टर हमखास दुसऱ्याच गाडीचा असतो.

साइड व्हॉल्व्ह इंजिनात आत घेणारा आणि धूर सोडणारा मॅनिफोल्ड एकमेकांना जोडलेले असतात व त्यांच्यामध्ये उष्णतेची झडप असते. ही झडप गंजून अडकली की मुंबईच्या उन्हात कार्बोरेटरमधील पेट्रोल उकळू लागते आणि गाडी सिग्नलवर बंद पडते. दोष मात्र कार्बोरेटरच्या माथी मारला जातो. नवा घेण्यापूर्वी झडप हाताने फिरते का, एवढे पाहावे.

ऑपेरा हाउसच्या सुट्या भागांच्या बाजारात किंवा चोर बाजारात जाताना इंजिन क्रमांक लिहून न्यावा, मॅनिफोल्डच्या तोंडाचा ठसा जाड कागदावर काढून न्यावा आणि जुना भाग, तुटका असला तरी, सोबत ठेवावा. बोल्टच्या दोन भोकांमधील अंतर जुळले नाही, तर विक्रेत्याने ‘चालेल’ म्हटले तरी घेऊ नये.