निजामाच्या शाळेत शिकलेली मराठी माणसे

२०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, कचेऱ्यांतली जुनी दप्तरे सोडली गेली, आणि त्यांतून निघालेले पुष्कळ कागद उर्दूत किंवा मोडीत होते. मग ते वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. ज्या मुलखात ऐंशी वर्षांपूर्वी वकील, पेशकार, तलाठी उर्दूत लिहीत होते, त्यांतले कित्येक घरी मराठी बोलणारे होते, तिथे आता निवृत्त मौलवीसाहेब किंवा एखादा उर्दूचा मास्तर गाठावा लागत होता.

मी असाच एक मास्तर. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो, गरज पडली की उर्दूही शिकवतो. एका भाषेत जगणारे मूल दुसऱ्या भाषेच्या शाळेत बसले की त्याच्या वाचण्याचे, लिहिण्याचे, बोलण्याचे काय होते, हा माझ्यासाठी रोजचा प्रश्न आहे. बी.एड.ला त्यावर एक प्रकरण होते. पण त्याचे खरे उत्तर आपल्याच जिल्ह्यांच्या इतिहासात पडलेले आहे, आणि ते आपण, म्हणजे मराठी मुसलमानांनी, जरा नीट पाहायला हवे.

हैदराबाद संस्थानात १८८० च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू राज्यकारभाराची भाषा झाली. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले. इंग्रजी हा सक्तीचा विषय, पण शिकवणे सगळे उर्दूतून. हिंदुस्थानात त्या काळी हे मोठे धाडस होते. रसायनशास्त्र, कायदा, वैद्यक देशी भाषेत शिकवायचे म्हणजे आधी पुस्तके हवीत, म्हणून भाषांतरासाठी दारुत्तर्जुमा स्थापन झाला. त्याचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक. हे गृहस्थ औरंगाबादला शाळांचे निरीक्षक होते, पुढे तिथल्याच कॉलेजचे प्राचार्य झाले. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे बिऱ्हाडही त्यांनी औरंगाबादेत आणले आणि १९२१ मध्ये तिथूनच 'उर्दू' हे त्रैमासिक सुरू केले. मराठीवर फारसीचा काय परिणाम झाला, यावर त्यांनी उर्दूत एक पुस्तकही लिहिले. आमच्या लोकांना ही नावे घेताना अभिमान वाटतो. मलाही वाटतो.

पण अभिमानाच्या पुढे एक पाऊल टाकले की अडचण सुरू होते. उस्मानियामागचा विचार असा होता की परक्या भाषेत मूल पाठांतर करते, आपल्या भाषेत विचार करते. विचार अगदी बरोबर. फक्त 'आपली भाषा' कोणाची? संस्थानात जवळजवळ निम्मे लोक तेलुगू बोलत, चौथा हिस्सा मराठी, त्याखालोखाल कन्नड. उर्दू घरात बोलणारे दहात एक. म्हणजे जी दलील इंग्रजीविरुद्ध दिली, तीच नांदेडच्या नाहीतर बीडच्या शेतकऱ्याच्या पोराला उर्दूविरुद्ध देता आली असती. त्याला ती द्यायला कोणी बोलावले नाही. प्राथमिक वर्गात मातृभाषा कागदावर होती, वरच्या वर्गात चढला की इतिहास, भूगोल, गणित सगळे उर्दूत. पहाडे मराठीत पाठ केलेले, आणि गणिताचे उदाहरण मात्र उजवीकडून डावीकडे वाचायचे.

याचा मुलावर काय परिणाम होतो? लिहिणे आणि बोलणे वेगळे पडते. शाळेत जे लिहायचे ते घरी कोणाला वाचून दाखवता येत नाही, आणि घरी जे ऐकले ते शाळेत लिहिता येत नाही. वर्गात हात वर करणे ही मुळात धिटाईची गोष्ट असते. उत्तर ठाऊक असूनही शब्द सापडत नाही, म्हणून खाली मान घालणारे मूल मास्तराला मठ्ठ वाटते. असे किती मठ्ठ ठरून घरी बसले त्याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही. एक आकडा मात्र आहे. १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता अठरा टक्क्यांच्या आसपास होती आणि हैदराबाद राज्याची नऊच्या आसपास. सगळा दोष भाषेचा नव्हे. शाळाच कमी होत्या, जहागिरींच्या गावांत तर त्याहून कमी. पण होत्या त्या शाळेच्या दारातही भाषेचा उंबरा होताच.

मग या मुलांची मराठी टिकली कशी? ती शाळेबाहेर टिकली. पैठण, आपेगाव, नरसी, गंगाखेड ही सगळी ठिकाणे याच मुलखातली. कीर्तनाला बसणारा पोरगा तीन तास मराठी ऐकत होता, आणि तीही अव्वल दर्जाची. वाचायला वाचनालये झाली. परभणीचे गणेश वाचनालय १९०१ चे आहे. हैदराबादेत विवेकवर्धिनी, गुलबर्ग्यात नूतन विद्यालय, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी अशा खासगी शाळा निघाल्या. शाळा काढायला सरकारची परवानगी लागे आणि ती सहज मिळत नसे. स्वामी रामानंद तीर्थ आधी हिप्परग्याचे आणि मग अंबाजोगाईचे मुख्याध्यापक होते. संस्थानातल्या लढ्याचा सर्वांत मोठा नेता मुळात शाळामास्तर होता, हा मला योगायोग वाटत नाही. १९३८ मध्ये 'मराठवाडा' साप्ताहिक निघाले तेही पुण्याहून. त्याच वर्षी उस्मानियाच्या वसतिगृहात वंदे मातरम् म्हणण्यावरून विद्यार्थी काढून टाकले गेले आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना जागा दिली.

त्या विद्यार्थ्यांत पी. व्ही. नरसिंह राव होते. घरात तेलुगू, शाळेत उर्दू, आणि पुढे त्यांनी हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' तेलुगूत नेली. दुसरे उदाहरण निलंग्यात १९१० मध्ये जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडींचे. हैदराबादच्या मुलकी सेवेत राहिले, मराठ्यांच्या इतिहासाची फारसी साधने मराठीत आणली, आणि मीर, गालिब, इक्बाल मराठी वाचकाच्या हातात ठेवले. आमच्या घरी गालिबची ओळख मराठीतून झालेली माणसे आहेत, ती पगडींमुळे. ही नावे सांगून काही जण म्हणतात, बघा, उर्दू शाळेने काय माणसे घडवली! घडवली हे खरे. पण ज्यांच्या घरात पुस्तके होती, मागे शिकलेले बाप-काका होते, त्यांना दुसरी भाषा पंखासारखी लागली. ज्यांच्या घरात काही नव्हते त्यांना ती भिंत झाली. शाळेची परीक्षा दुसऱ्या मुलावरून करायची असते.

वडिलांचे एक स्नेही होते, ब्राह्मण, कोर्टातले निवृत्त पेशकार. मी लहानपणी त्यांच्याकडे जायचो. त्यांचे घरखर्चाचे हिशेब अखेरपर्यंत उर्दूत होते, शिकस्त अक्षर, नुक्ते गाळलेले, आमच्या उस्तादांनाही चटकन लागायचे नाही. हरिपाठ मात्र तोंडपाठ. मुलाला मराठीत पत्र लिहायला बसले की त्यांचा अर्धा दिवस जायचा. "बोलतो तसं लिहिता येत नाही रे मला, अर्ज वाटतो तो," असे ते म्हणायचे. शाळेने त्यांना अर्ज लिहायला शिकवले होते, पत्र लिहायला नाही.

सप्टेंबर १९४८ नंतर पाट उलटा फिरला. उस्मानियाचे माध्यम बदलले, कचेऱ्यांतून उर्दू गेली, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्या धामधुमीत आपल्या लोकांनी जे जे गमावले त्यावर पुष्कळ बोलले जाते, पण एक गोष्ट फारशी कोणी मांडत नाही. सातवी-आठवी शिकलेला, सुंदर खत लिहिणारा माणूस तहसिलीच्या दारात एकाएकी निरक्षर झाला. त्याला आता फॉर्म भरून देणारा लागत होता. जे बीडच्या शेतकऱ्याच्या पोराने तीस वर्षे सोसले, ते त्याच्या वाट्याला आले.

आज माझ्यासमोर त्याची नातवंडे बसतात. घरात दखनी, मकतबात अरबी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी. बालभारतीची उर्दू पुस्तके चांगली आहेत, मराठीही २०२० च्या कायद्याने सगळ्याच शाळांत सक्तीची आहे. तरी एक गोष्ट सुटत नाही. मुले मराठीचा धडा नाजरा पढल्यासारखी वाचतात. उच्चार स्वच्छ, कुठे अडखळत नाहीत, ळ आणि ण सुद्धा नीट, आणि अर्थ विचारला की गप्प. कारण मकतबात त्यांनी वाचणे असेच शिकलेले असते, अर्थाशिवाय. तिथे त्याला आपले कारण आहे, मराठीच्या तासाला नाही. म्हणून मी पुस्तक मिटायला लावतो आणि दखनीत बोलू देतो. 'नक्को' कुठून आला? 'मैंच जाता' मधला 'च' कोणाचा? ही मराठी त्यांच्या तोंडात आधीपासूनच आहे, हे कळले की पोरे खुलतात. आणि पाठीवरच्या ज्या पिशवीला मराठी मुले दप्तर म्हणतात, तो शब्द आपल्याकडून तिकडे गेलेला, हेही त्यांना आवडते.

कुणबी नोंदींच्या त्या दिवसांत आठवीच्या मुलांना सांगितले, घरात जुना उर्दू कागद असेल तर मोठ्यांना विचारून त्याची झेरॉक्स आणा. पावत्या आल्या, एक निकाहनामा आला, एका मुलीने आजोबांच्या शेताचा कागद आणला. वर सन १३५७ फसली. त्यात ५९० मिळवायचे हे शिकवले, तेव्हा १९४७ निघाले आणि वर्गात कुजबुज झाली. तिने कागद उर्दूत वाचला आणि एकेक ओळ मराठीत सांगू लागली. रकबा या शब्दावर थांबली. मी फळ्यावर 'क्षेत्र' लिहिले.

"सर, पण आमच्या शेजारचे पाटीलकाका पण रकबाच म्हणतात."

मी फळा पुसला आणि तिला पुढची ओळ वाचायला सांगितली.