आरपार दिसणारा टीव्ही

आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं आणि आता जुन्या टीव्हीच्या खोक्यांवर बोलायचं? पण ही खोकी जरा वेगळी आहेत. ती पारदर्शक आहेत, आतलं सगळं दिसतं. अमेरिकेत असे जुने टीव्ही हौसेनं जमवणारी मंडळी आहेत. त्यांच्या छंदाचा माग काढत गेलं, तर एक प्रश्न समोर येतो: एखादी वस्तू पारदर्शक करा असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा संशय नेमका कुणावर असतो?

सुरुवात न्यूयॉर्कपासून करू. ३० एप्रिल १९३९ रोजी तिथं जागतिक मेळा सुरू झाला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचं उद्घाटनाचं भाषण टेलिव्हिजनवरून दाखवलं गेलं, आणि आरसीए या कंपनीनं आपले टीव्ही लोकांपुढे मांडले. त्यातला मोठा नमुना म्हणजे टीआरके-१२. किंमत ६०० डॉलर. त्या काळी त्यात थोडी भर घातली की साधी मोटार दारात उभी राहायची! जॉन व्हॅसॉस या ग्रीक वंशाच्या कलाकारानं त्याचं लाकडी कॅबिनेट आखलं होतं. दिवाणखान्यात ते कपाटासारखं दिसावं, यंत्र म्हणून डोळ्यांत खुपू नये, अशी ती रचना. बारा इंची पिक्चर ट्यूब इतकी लांब होती की आडवी ठेवायची तर कॅबिनेट भिंतीपासून फार पुढं आलं असतं. म्हणून ती उभी बसवली, तोंड वर करून. झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा. झाकण उघडायचं आणि आरशात चित्र बघायचं.

आता लोकांची अडचण समजून घ्या. सिनेमा त्यांना माहीत होता. त्यामुळे लाकडी कपाटातून हलती चित्रं दिसली, की आत कुठंतरी फिल्मचं प्रोजेक्टर लपवलंय अशी शंका येणं स्वाभाविकच होतं. यावर कंपनीनं तोडगा काढला. त्याच टीव्हीचं एक कॅबिनेट लुसाइटचं केलं. लुसाइट म्हणजे ड्यूपाँ कंपनीचं काचेसारखं स्वच्छ ॲक्रिलिक, तेव्हा अगदी नवं. या टीव्हीला फँटम, म्हणजे भुताचा टीव्ही, असं नाव पडलं. ट्यूब, तारा, व्हॉल्व्ह, सगळं उघडं. बघा, काही लपवलेलं नाही! शिवाय मेळ्यात लोकांना कॅमेऱ्यासमोर उभं करून, तुम्ही टेलिव्हिजनवर झळकलात असं छापील कार्डही हातात देत. म्हणजे दाखलाही दिला आणि पुरावाही.

त्या काळात अशी हौस एकट्या आरसीएची नव्हती. याच मेळ्यात जनरल मोटर्सनं प्लेक्सिग्लासच्या आरपार शरीराची पाँटियाक मोटार मांडली होती. त्याआधी १९३० साली ड्रेस्डेनच्या आरोग्य प्रदर्शनात पारदर्शक मानवाचा पुतळा उभा राहिला. त्याच्या आतली इंद्रियं दिव्यांनी उजळत. दिसलं म्हणजे कळलं, असा त्या पिढीचा विश्वास होता.

आम्हाला इथं एक जुनी गोष्ट आठवते. १७७० साली व्हिएन्नाच्या दरबारात फॉन केंपेलेन यानं महाराणी मारिया थेरेसा हिच्यासमोर बुद्धिबळ खेळणारं यंत्र आणलं. खेळ सुरू होण्याआधी तो यंत्राच्या पेटीची दारं एकामागून एक उघडायचा, मागे मेणबत्ती धरायचा. आत चक्रंच चक्रं. लोकांची खात्री पटायची. आणि प्रत्यक्षात आत माणूस दडलेला असायचा, सरकत्या बैठकीवर बसून दारांप्रमाणे जागा बदलणारा! म्हणजे उघडून दाखवणं हाच त्या फसवणुकीचा मुख्य भाग होता. आरसीएच्या टीव्हीत अर्थातच कुणी लपलेलं नव्हतं, तो अगदी प्रामाणिक होता. पण त्या लुसाइटमधून आत बघणाऱ्या किती जणांना तिथं काय चाललंय ते समजलं असेल? इलेक्ट्रॉनचा झोत तर डोळ्यांना दिसत नाही. दिसल्या त्या तारा. पटलं ते मात्र सगळं. त्यातही गंमत अशी, की इतक्या उघड्या टीव्हीचं चित्रसुद्धा शेवटी आरशातच बघावं लागत होतं.

तो फँटम टीव्ही आज कॅनडात, टोरोंटोच्या एमझेडटीव्ही संग्रहालयात आहे. छंद जोपासणाऱ्या सामान्य माणसाला तसा मिळणं अशक्यच. मग हे लोक जमवतात काय? तर तुरुंगातले टीव्ही.

अमेरिकेतल्या अनेक तुरुंगांत कैद्याला स्वतःच्या पैशानं छोटा टीव्ही विकत घेता येतो. अट एकच, कॅबिनेट पारदर्शक हवं. आत पातं, अमली पदार्थ, पैसे असं काही दडवता येऊ नये म्हणून. मागचे स्क्रू साध्या पेचकसानं न फिरणारे. पुष्कळशा टीव्हींना स्पीकर नाही, आवाज ऐकायचा तो हेडफोननं. आणि यातल्या कित्येक टीव्हींवर नाव कोणतं? आरसीए! मूळ कंपनी १९८६ साली जनरल इलेक्ट्रिकनं विकत घेतली, पुढं नाव हातोहात फिरलं. पण अक्षरं तीच. १९३९ साली संशय यंत्रावर होता आणि बघणाऱ्याचं समाधान करायचं होतं. इथं संशय बघणाऱ्यावरच आहे, समाधान करायचं ते पहारेकऱ्याचं. बेंथमनं १७९१ साली तुरुंगाचा आराखडा छापला, त्यात मधल्या मनोऱ्यातून प्रत्येक कोठडी आरपार दिसेल अशी सोय होती. फुको यानं १९७५ साली त्यावर बरंच लिहिलं. कैद्याच्या टेबलावरचा टीव्हीही त्याच कोठडीसारखा केला जाईल, हे मात्र त्या दोघांच्या ध्यानीमनी नसावं.

आपल्याकडे उलटा प्रकार होता, नाही का? लाकडी सरकत्या दारांचे टीव्ही. कार्यक्रम संपला की दार बंद, वर विणलेला रुमाल, आणि परीक्षेच्या दिवसांत कुलूप. तोही अविश्वासच, पण घरगुती!

संग्राहकांना या टीव्हीचा मोह का पडतो हे समजू शकतं. अंधारात ट्यूबच्या मानेत तांबूस उजेड दिसतो, सर्किटचे हिरवे पत्रे दिसतात. सांभाळणं सोपं नाही. स्पिरिटनं पुसलं की ॲक्रिलिकवर बारीक भेगांचं जाळं उमटतं. ट्यूब बंद केल्यावरही तिच्यात जीवघेणा विद्युतभार उरलेला असू शकतो, म्हणून जाणकाराशिवाय उघडू नये. शिवाय १२ जून २००९ नंतर अमेरिकेतली मोठी केंद्रं ॲनालॉग प्रक्षेपण थांबवून डिजिटल झाली. त्यामुळे जुन्या ट्यूबवर आता कन्व्हर्टर जोडला तरच चित्र येतं.

आणखी एक गोष्ट आहे. कैद्याच्या मालकीच्या वस्तूवर त्याचा क्रमांक कोरण्याची पद्धत अनेक तुरुंगांत आहे. त्यामुळे बाजारात येणाऱ्या टीव्हीवर तो क्रमांक कधी कधी तसाच असतो. काही जण तो घासून पॉलिश करतात, वस्तू नव्यासारखी दिसावी म्हणून. काही जण मुद्दाम ठेवतात. त्यानं म्हणे वस्तूचा खरेपणा सिद्ध होतो. आम्हाला दोन्ही खटकतं. घासला, तर त्या प्लास्टिकसमोर ज्यानं वर्षं काढली त्याची एवढीच खूण पुसली जाते. ठेवला, तर जो माणूस तिथं स्वतःची एक वस्तूही झाकून ठेवू शकत नव्हता, तो आता परक्याच्या दिवाणखान्यात मांडला जातो, आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं. त्यातल्या त्यात आम्हाला असं वाटतं, की क्रमांक राहू द्यावा, पण ती बाजू भिंतीकडे करावी.